लाल गाडी आणि एक ग्रॅमचा हार

हातातलं काम चालू ठेवूनच ऐका. आज आम्ही पापड-लोणच्याबद्दल बोलणार नाही. आमच्या गटाने एक गाडी घ्यायचं ठरवलं होतं, त्याबद्दल सांगणार आहोत. तीही साधी गाडी नाही, जुन्या काळातल्या विलायती स्पोर्ट्स गाडीची नक्कल. हसू आलं ना? आम्हालाही आधी हसूच आलं होतं.

आम्ही अलिबाग तालुक्यातल्या एका बचत गटाच्या अकरा जणी. प्रत्येकीची महिन्याला २०० रुपये बचत, सहा वर्षं झाली. गटातल्या एका वहिनींचा धाकटा मुलगा लग्नाचे फोटो काढतो. हल्ली लग्नाआधी नवरा-नवरी समुद्रावर जाऊन फोटो काढून घेतात, ते तुम्हीही पाहता. त्यांना मागे उभी करायला एखादी देखणी जुनी गाडी हवी असते. मुलगा म्हणाला, "दर वेळी दुसऱ्याची गाडी भाड्याने आणतो. गटानेच घेतली तर भाडं गटाला मिळेल." बोलणं खोटं नव्हतं. बैठकीत विषय आला आणि आम्ही गाडी बघायला गेलो.

गाडी होती मात्र सुरेख. लालभडक रंग, लांब नाक, पुढे बेडकाच्या डोळ्यांसारखे बाहेर आलेले दोन दिवे, बसायला दोनच माणसांची जागा आणि वर छप्परच नाही. वहिनी आत बसल्या आणि स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाल्या, "आजवर मी गाडीत पुढच्या सीटवर बसलेच नव्हते गं." मग आम्ही सगळ्याच आळीपाळीने बसलो. त्या दिवशी आमचं अर्धं मन गाडीतच राहिलं, हे कबूल करायला हवं.

विकणाऱ्याने ३ लाख ८० हजार सांगितले. गटाचे ८० हजार घालायचे आणि ३ लाखांचं कर्ज काढायचं असं ठरलं. "दुसरं गिऱ्हाईक दारात आहे," असं तो म्हणाला, म्हणून आम्ही तिथल्या तिथे ११ हजार इसार दिला. पावती घेतली नाही. एरवी पाच रुपयांच्या खर्चाचीही नोंद वहीत करणाऱ्या आम्ही! पण गाडी म्हणजे पुरुषांचा विषय, आपण काय विचारणार, असं वाटलं आणि गप्प राहिलो. आमची पहिली चूक ती.

आता ही नक्कल म्हणजे काय ते सांगतो. इंग्लंडमध्ये १९५७ साली लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमन यांनी सेव्हन नावाची हलकी, दोन माणसांची उघडी गाडी काढली. तयार गाडीवर तिथे कर लागायचा, सुट्या भागांवर तो लागत नव्हता. म्हणून पुष्कळ लोक भाग घेऊन घरीच गाडी जोडायचे. पुढे १९७३ मध्ये ती बनवण्याचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले. त्या रूपाच्या गाड्या जगभर अनेकांनी बनवल्या. आपल्या अलिबागजवळही चिंकारा मोटर्सने त्याच धर्तीची रोडस्टर बनवली होती, फायबरचं अंग आणि इसुझूचं अठराशे सीसीचं इंजिन असलेली. आम्हाला दाखवलेली गाडी तिथली नव्हती, हेही स्पष्ट सांगतो. ती कुठल्याशा गॅरेजमध्ये जुन्या गाडीचं वरचं अंग कापून तयार केलेली होती.

म्हणजे नक्कल असणं हा काही गुन्हा नाही. आपण एक ग्रॅमचा हार घालतोच की! लग्नात मिरवतो, कुणी विचारलं तर सांगतोही. पण तो हार तारण ठेवायला सोनाराकडे नेत नाही, आणि सोन्याच्या भावाने विकतही घेत नाही. आम्ही नेमकं तेच करायला निघालो होतो.

कर्जासाठी बँकेत गेलो. साहेबांनी आधी गाडीचं आरसी बुक मागितलं. त्यात लिहिलं होतं, रंग पांढरा, आसनं पाच. आमची गाडी लाल आणि दोघांची! कागदावर एक गाडी आणि अंगणात दुसरीच.

मग आम्ही आरटीओ कार्यालयात जाऊन विचारलं. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं की कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळी होईल अशी गाडी मालकाला बदलता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ च्या जानेवारीत हेच सांगितलं. असा बेकायदा बदल केला तर मालकाला दर बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि मालक कोण झालो असतो? आम्ही अकरा जणी.

विकणारा म्हणाला, "काळजी करू नका, विंटेजमध्ये नोंदवून देतो." तेही विचारून आलो. २०२१ च्या नियमाप्रमाणे विंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली गाडी. तिच्या नोंदणीला २० हजार रुपये फी, नंबरात व्हीए ही अक्षरं. आणि अशी गाडी धंद्यासाठी रस्त्यावर चालवताच येत नाही. म्हणजे ती अस्सल असती तरी भाड्याने देता आली नसती!

साध्या पांढऱ्या नंबरप्लेटची गाडीही भाड्याने लावता येत नाही, त्याला वेगळी नोंदणी आणि परवाना लागतो. उद्या त्या गाडीत नवरा-नवरी बसले आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते. मग भरपाई कुणाच्या खिशातून? हा प्रश्न ऐकल्यावर बैठकीत कुणी बोललं नाही.

हिशोबही तेव्हाच नीट मांडला. तो आधी मांडायला हवा होता. ३ लाखांना १२ टक्क्यांनी तीन वर्षं धरली तर हप्ता जवळपास १० हजार, वर्षाचे १ लाख २० हजार. एका फोटोच्या कामाचे ३ हजार मिळाले आणि ड्रायव्हर-पेट्रोलला ९०० गेले, तर उरतात २,१००. म्हणजे नुसत्या हप्त्यासाठी वर्षाला ५८ कामं हवीत. पावसाचे चार महिने उघडी गाडी घरात. उरलेल्या आठ महिन्यांत दर महिन्याला सात-आठ कामं. विमा, दुरुस्ती वेगळी. आणि समुद्राचा खारा वारा लोखंडाला काय करतो ते आपल्या दाराच्या कड्या-कोयंड्यांना विचारा.

आम्ही नाही म्हटलं. इसारापैकी ६,६०० परत मिळाले, ४,४०० बुडाले. पावती नव्हती, भांडणार कशाच्या जोरावर?

पुढच्या बैठकीत वहिनींनी कांद्याच्या माळा विकून आलेले ४,४०० रुपये सतरंजीवर ठेवले. म्हणाल्या, "माझ्या पोराने काढलेला विषय, मी भरते." त्यांचे डोळे भरले होते. तेव्हा आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या मावशी म्हणाल्या, "गाडीत बसलो सगळ्या, मग पैसे एकटीने का भरायचे?" पैसे परत त्यांच्या ओटीत घातले. प्रत्येकीने ४०० रुपये भरले आणि वहीत लिहिलं, 'इसार बुडाला, पावती घेतली नव्हती.' खोडायचं नाही असंही ठरलं.

मैत्रिणींनो, तुमच्या गटात गाडीचा विषय येईल, मग तो टेम्पोचा असो की रिक्षाचा. तेव्हा एवढं करा. इसार देण्याआधी आरसी बुक हातात घ्या. नाव, रंग, आसनं, इंजिन नंबर आणि चासी नंबर गाडीवर स्वतः ताडून पाहा. नंबर एमपरिवहन ॲपवर टाकून बघा. विमा आणि फिटनेसची तारीख वाचा. आधीचं कर्ज असेल तर बँकेचं ना हरकत पत्र मागा. आणि ज्या कामासाठी घेताय, ते काम त्या नोंदणीवर चालतं का हे आरटीओत विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत. न विचारल्याचे आम्हाला प्रत्येकी ४०० पडले, आणि स्वस्तात सुटलो.

वहिनींच्या मुलाला आता कॅमेऱ्याची नवी लेन्स घ्यायची आहे. त्यासाठी वहिनींचा ४० हजारांच्या कर्जाचा अर्ज या महिन्याच्या बैठकीत येणार आहे. सोबत दुकानाचं कोटेशन जोडलंय. न मागता.