लॉक सापडेपर्यंत किक नाही



याआधी दोनदा आम्ही चेन आणि ब्रेकबद्दल बोललो. त्यानंतर केंद्रावर जे निरोप आले, त्यांत एक विचारणा पुन्हापुन्हा होती. घरातली पोरं, आणि आता पोरीसुद्धा, माळावर उड्या मारायची गाडी घेऊन जातात. रविवारी अंगणात कार्बोरेटर खोलून बसतात. त्यातला तिळाएवढा कुठला तरी भाग उडतो, हरवतो. मग तो मिळायचा कुठे, आणि तोवर दुसरं काही लावलं तर चालेल का? आज तेवढंच बोलू.

कुणी म्हणेल, कार्बोरेटर आता राहिलेत कुठे? खरं आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ चे नियम आले आणि नव्या गाड्यांत बहुतेक ठिकाणी फ्युएल इंजेक्शन बसलं. पण मातीत गाडी चालवायला शिकणारं पोर नवी गाडी कशाला घेईल? ते मामाची नाहीतर चुलत्याची जुनी गाडी मागतं. यामाहा आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं, तरी माळावर तिचा आवाज अजून येतो. २०११ ची हिरोची इम्पल्स असते, २०१९ ची कार्बोरेटरवाली एक्सपल्स असते. या सगळ्या गाड्या मातीत पडतात, चिखल खातात, आणि म्हणून त्यांचा कार्बोरेटर साध्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त वेळा खोलावा लागतो. जितक्या वेळा खोलाल, तितक्या वेळा काहीतरी हरवायची संधी.

आत असतं काय, ते आधी सांगतो. इंजिन हवा ओढतं. ती हवा अरुंद गळ्यातून जाताना वेग घेते, आणि त्या ओढीने खालच्या वाटीतलं पेट्रोल बारीक भोकांतून वर येऊन हवेत मिसळतं. ती भोकं ज्या पितळी स्क्रूंमध्ये असतात ते जेट. पायलट जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, कधी त्याहून बारीक. वाटीत पेट्रोल किती भरायचं ते फ्लोट ठरवतो, आपल्या छतावरच्या पाण्याच्या टाकीत फुगा असतो ना, तसाच. फ्लोट एका पिनेवर डुलतो आणि त्याला टांगलेली छोटी सुई पेट्रोलची वाट उघडते, बंद करते. वरून एक लांब नीडल खाली सोडलेली असते. ॲक्सिलरेटर पिळला की ती वर येते आणि जास्त पेट्रोल सुटतं. त्या नीडलच्या डोक्याकडे बारीक खाचा असतात, बहुधा पाच, आणि त्यांतल्या एकीत एक चपटं स्प्रिंगचं लॉक बसवलेलं असतं. लॉक खालच्या खाचेत सरकवलं की नीडल वर राहते आणि पेट्रोल वाढतं, वरच्या खाचेत घातलं की कमी होतं. रेस करणारी पोरं हे लॉक सारखं खालीवर करत बसतात. आणि सगळ्यांत जास्त हरवतं तेही हेच.

आपल्या कुडीची फिरकी जेवढी, तेवढंच हे लॉक, उलट अंमळ लहानच. पण फिरकी पडते ती पायाशी पडते. हे पक्कडीतून सुटलं की टुणकन उडतं, आणि कुठल्या दिशेने गेलं ते कळतच नाही.

आम्ही चौघी मिळून कराड-कोल्हापूर रस्त्याला लागून गॅरेज चालवतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. गेल्या पावसाळ्याआधीची गोष्ट. शुक्रवारी संध्याकाळी एक कॉलेजातली मुलगी, तिचे मामा आणि दोन मित्र गाडी ढकलत घेऊन आले. रविवारी मातीतली रेस होती. पोरांनी कार्बोरेटर गाडीवरच ठेवून वरची टोपी उघडली होती, नीडल बाहेर ओढली होती आणि तिथेच, उघड्या कार्बोरेटरच्या वर धरून, लॉक दुसऱ्या खाचेत घालत होती. लॉक उडालं. तासभर गवतात शोधलं, मिळालं नाही.

मामांचं म्हणणं सरळ होतं. "ताई, तांब्याच्या तारेचे दोन वेढे द्या आणि बसवा. रविवार पार पडला की मग बघू." त्यांनी पैसेही पुढे केले.

आमच्यातल्या थोरलीने एवढंच विचारलं, "लॉक गेलं कुठे?"

"हरवलं म्हणतोय ना आम्ही."

"हरवलं ते कळलं. पण गेलं कुठे?"

मामा चिडले. त्यांचं चिडणं आम्हाला समजत होतं. दिवस मावळत आलेला, पोरीचा चेहरा उतरलेला, आणि त्यात एक बाई कोर्टातल्यासारखी एकच प्रश्न विचारतेय. पण तो प्रश्न सोडून पुढे जाता येत नाही. कार्बोरेटरचा गळा उघडा होता आणि लॉक त्याच्या बरोब्बर वर सुटलं होतं. ते गवतात गेलं असेल, तसंच गळ्यातून खाली इंजिनाच्या वाटेलाही लागलं असेल. इंजिनात गेलेला पोलादाचा तुकडा पिस्टन आणि सिलिंडरच्या मध्ये सापडला, की सिलिंडरवर ओरखडे. मग बोअर करा, नवा पिस्टन घाला. त्या जुन्या गाडीसाठी मामांनी जे मोजले असतील, त्यातला मोठा हिस्सा पुन्हा घालायचा.

म्हणून कार्बोरेटर पुरता उतरवला, मागची रीड व्हॉल्व्हची पेटी खोलली आणि बॅटरी मारली. लॉक तिथे होतं. रीडच्या दोन पात्यांच्या फटीत, आडवं अडकलेलं. दोन-चार किका मारल्या असत्या तर ते पलीकडे गेलं असतं.

मामा काही बोलले नाहीत. पोरीने मात्र लॉक तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिलं. ते फाकलं होतं, पुन्हा लावण्याजोगं राहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिच्या मित्राने पुण्याला नाना पेठेत जाऊन त्याच मापाची दोन लॉकं आणली. शनिवारचा सराव बुडला. रविवारी ती पळाली.

तार का नाही, हेही सांगायला हवं, कारण हा सल्ला गावोगावी मिळतो. तार खाचेत घट्ट बसत नाही, घुमते, सैल होते. नीडल खाली सरकली तर पेट्रोल कमी पडतं. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणाऱ्या टू-स्ट्रोक गाडीत पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, आणि मग तापून पिस्टन धरतो. त्याहून वाईट म्हणजे तारेचं टोक निसटून स्लाइड वरच अडकली, तर ॲक्सिलरेटर सोडला तरी गाडी धावतच राहते. ही गाडी हवेत उडी घेते, लक्षात घ्या. खाली उतरताना ती थांबायला नको का?

आता शोधायचं कसं, ते बोलू. यात आपण बायका पोरांपेक्षा पुढे आहोत असं आमचं मत आहे, आणि ते आम्ही लपवणार नाही.

काही पडलं, उडालं की पहिलं काम म्हणजे जागचं हलायचं नाही. पंखा बंद. कार्बोरेटरच्या, इंजिनाच्या तोंडात स्वच्छ फडक्याचा बोळा. मग बॅटरी जमिनीवर आडवी ठेवायची. वरून उजेड मारला तर काही दिसत नाही, आडव्या उजेडात तिळाचीही सावली पडते. पदर, ओढणी, बाह्या झटकून बघायच्या, कारण निम्म्या वेळा वस्तू आपल्याच अंगावर असते. अंगणात, मातीत पडलं असेल तर ती माती सुपात घेऊन पिठाच्या जुन्या चाळणीने चाळायची. पोरं हसतात. हसू द्या.

लोहचुंबक फिरवा असं सगळेच सांगतात. फिरवा, पण त्यावर विसंबू नका. लॉक, स्प्रिंग चिकटतील. जेट पितळी असतात, ते जन्मात चिकटणार नाहीत. चुंबकाला काही लागलं नाही म्हणून पोरं केर गोळा करून उकिरड्यावर टाकतात आणि त्यातच जेट जातो. दिवेलागणीनंतर केर बाहेर टाकू नये असं आपल्या आज्या सांगायच्या. लक्ष्मी जाते की नाही ते ज्याचं त्याने बघावं, पण अंधारात काय बाहेर चाललंय ते दिसत नाही, हे तर खरंच. आमच्या गॅरेजात कार्बोरेटर खोलला त्या दिवशीचा केर भाग मोजून होईपर्यंत टाकत नाही.

आणखी एक. सगळं हरवलेलं खरोखर हरवलेलं नसतं. मिक्श्चरचा स्क्रू काढला की त्याच्याबरोबर स्प्रिंग, बारीक वायसर आणि मोहरीपेक्षा थोडी मोठी रबरी ओ-रिंग यायला हवी. बऱ्याच गाड्यांत ती ओ-रिंग भोकाच्या तळाशीच चिकटून राहते. पोरगं जमिनीवर शोधत बसतं, मग नवी आणून जुनीवरच बसवतं, आणि गाडी काही केल्या एकसारखी चालत नाही. आधी भोकात बॅटरी मारून बघा. काढायला अणकुचीदार काही खुपसू नका, टोक वाकवलेल्या बारीक तारेने हलकेच ओढा. लावताना क्रम असा: स्क्रूवर आधी स्प्रिंग, मग वायसर, मग टोकाकडे रिंग.

हरवूच नये म्हणून आमच्याकडे मोठी परात आहे आणि तिच्यात पांढरं फडकं. सगळं काम परातीत. बाजूला मिसळणाचा जुना डबा, त्याच्या वाट्यांत भाग निघतील त्या क्रमाने. अर्थात पेट्रोल लागलेला तो डबा पुन्हा स्वयंपाकघरात जात नाही, आणि चुलीजवळ, देव्हाऱ्यातल्या समईजवळ हे काम करायचं नाही. लॉक काढताना नीडल आणि दोन्ही हात एका पारदर्शक पिशवीत घालायचे. उडून उडून जाईल कुठे?

आता बदली भाग. दुकानात नुसतं "कार्बोरेटरचं किट द्या" म्हणू नका. जुना भाग असेल तर तो न्या, नसेल तर कार्बोरेटरच्या अंगावर कोरलेला नंबर लिहून न्या. जेटवरही बारीक आकडा असतो. भिंगातून बघा, नाहीतर मोबाइलने फोटो काढून मोठा करा. मिकुनीचा आणि केहिनचा जेट एकाच आकड्याचा असला तरी एकाच्या जागी दुसरा चालेल असं धरू नका, दोघांची मोजायची रीत वेगळी आहे. जेट बुजला म्हणून पोलादी तार घालून भोक मोकळं करतात, तेही नको. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं, आकडा मात्र जुनाच राहतो. क्लीनरने भिजवा, हवा मारा.

ओ-रिंग पेट्रोल सोसणाऱ्या रबराचीच मागा. साधं रबर पेट्रोलमध्ये फुगतं. वाटीचं पॅकिंग फुगून खाचेत बसेनासं झालं तर लगेच नवं घेऊ नका, रात्रभर वाळू द्या, पुष्कळदा ते आक्रसून जागेवर येतं. फ्लोटची पिन लेथवाला करून देऊ शकतो, पण माप देऊन. टाचणी घालून कुणी गाडी आणली तर आम्ही ती आधी बाहेर काढतो. फ्लोट तिरका झाला की सुई बसत नाही, पेट्रोल वाहतं, आणि खाली सायलेन्सर तापलेला असतो. पुढचं सांगायला नको.

दुकानात जाताना एकीला दोघी जा, निदान पहिल्यांदा. काउंटरवरचा माणूस तुमच्या मागे उभ्या पुरुषाला विचारतो, "काय पाहिजे?" तुम्ही आकडा सांगा: मेन जेट, अमुक नंबर, अमुक कार्बोरेटर. आकडा ऐकला की तो तुमच्याशी बोलायला लागतो, हा आमचा अनुभव. बंगळूरच्या ऐश्वर्या पिस्सेने २०१९ मध्ये बाहा शर्यतींचा महिलांचा जागतिक करंडक जिंकला, तरी आपल्याकडे पोरीच्या हातात पाना दिसला की लोक थबकतात. मिस्त्रीकडून लॉक हरवलं तर लॉक हरवलं म्हणतात, आमच्या गॅरेजात हरवलं असतं तर बायकांचं काम म्हणाले असते. म्हणून परात.

मामा आता गाडीचं काम आमच्याकडेच आणतात. मागच्या महिन्यात त्यांनी एक चपटी डबी दाखवली, तंबाखूची रिकामी. आत कापसावर दोन लॉकं, एक पायलट जेट, तीन ओ-रिंगा आणि आकडे लिहिलेली चिठ्ठी. अक्षर भाचीचं होतं. सीटखाली ठेवायला म्हणून केली होती तिने. तुमच्या घरी अशी गाडी असेल तर अशी डबी भरायला काय काय लागेल, ते गाडीचं नाव कळवून केंद्रावर विचारा. आम्ही मंगळवारी दुपारी इथे असतो.