पहिला गेम लहान घ्या, पण पूर्ण करा



स्वतंत्र गेम डेव्हलपरांच्या या परिषदेत स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो.

परिषद पुण्यात भरते आहे, याचा मला विशेष आनंद आहे. याच शहरातल्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या छोट्या चमूने 'राजी' हा गेम घडवला. 2017 साली लोकांकडून निधी उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला, तरी त्यांनी काम सोडले नाही. 2020 मध्ये गेम बाजारात आला आणि 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये सर्वोत्कृष्ट पदार्पणाचे नामांकन त्याला मिळाले. त्या नामांकनाचा अभिमान बाळगताना मधली तीन वर्षेही लक्षात ठेवूया.

कारण या धंद्याचा हिशेब कठोर आहे. 2024 या एका वर्षात स्टीम या गेमविक्रीच्या ऑनलाइन दुकानात 18 हजारांहून अधिक गेम आले. समजा, तुमचा गेम 500 रुपयांचा आहे आणि हजार प्रती खपल्या. स्टीमचा 30 टक्के वाटा वजा जाता उरले साडेतीन लाख. दोघे दोन वर्षे राबले असतील, तर माणशी महिन्याला साधारण सव्वासात हजार पडले. कर, सवलती आणि परत केलेले पैसे यात धरलेलेच नाहीत.

म्हणून कळकळीने सांगतो, पहिल्या गेमच्या भरवशावर नोकरी सोडू नका. 'स्टारड्यू व्हॅली' हा गेम एकहाती करणारा एरिक बॅरोन सिएटलमधल्या नाट्यगृहात प्रेक्षकांना जागा दाखवण्याचे अर्धवेळ काम करत होता. गेम पूर्ण करायला त्याला साडेचार वर्षे लागली. पहिला गेम लहान घ्या, पण पूर्ण करा. मेनू, सेव्ह, आवाजाची सेटिंग किती वेळ खातात, हे शेवटपर्यंत गेल्याशिवाय कळत नाही. स्टोअर पेज लवकर उघडा, विशलिस्ट जमवायला लागा, डेमो द्या.

मागच्या दालनात आम्ही गेम खेळून पाहण्यासाठी टेबले मांडली आहेत. अनोळखी माणसाच्या हाती कंट्रोलर द्या आणि शेजारी गप्प बसा. तो कुठे अडतो, कोणते बटण पुन्हा पुन्हा दाबतो, कधी मोबाइल बाहेर काढतो, ते वहीत टिपा. स्टीमवर दोन तासांपेक्षा कमी खेळलेल्या गेमचे पैसे चौदा दिवसांत परत मागता येतात. तेव्हा तुमच्या गेमची सुरुवात इथेच तावूनसुलाखून घ्या.

व्यवस्थेत काही उणे वाटले, तर आमच्या कार्यकर्त्यांना हक्काने सांगा. इथून जाताना निदान एका गेमची प्रकाशनाची तारीख ठरवून जा आणि ती पाळा. आपले पुन्हा एकवार स्वागत.