कातडीतील पहारेकरी



आम्ही ना डॉक्टर, ना शास्त्रज्ञ. यंत्रावर हात कापून घेणाऱ्या माणसांत आमची हयात गेली. त्या जखमेत पुढे काय घडते हे हौसेने वाचले, तेवढेच आज सांगणार आहोत.

कातडी म्हणजे नुसती भिंत, असा आपला समज. पण या भिंतीत पहारेकरी आहेत. १८६८ साली बर्लिनमध्ये पाउल लांगरहान्स नावाच्या विद्यार्थ्याने सोन्याच्या क्षाराने कातडी रंगविली, तेव्हा त्याला फांद्या फुटलेल्या पेशी दिसल्या. त्या मज्जापेशी असाव्यात असे त्याला वाटले. त्यांचे खरे काम उलगडण्यास शतकाहून अधिक काळ लोटला.

हात कापला की जंतू आत शिरतात. काही तासांत रक्तातील पांढऱ्या पेशी धावून येतात, जंतू गिळतात आणि मरतात. पू म्हणतो तो बहुतांशी त्यांच्याच प्रेतांचा ढीग! पहारेकरी पेशीचे काम निराळे. ती जंतूचा अंश उचलते आणि काखेतल्या किंवा जांघेतल्या गाठीकडे निघते. तेथे असंख्य टी-पेशींतून त्या अंशाशी जुळणाऱ्या मोजक्या पेशी जाग्या होतात आणि काही दिवसांत त्यांची फौज उभी राहते. पायाला जखम होऊन जांघेत अवधाण येते, त्याचा अर्थ हाच, की तेथे सभा भरली आहे. लढाई संपल्यावर काही टी-पेशी कातडीतच मुक्काम ठोकतात. तोच जंतू पुन्हा आला, तर सभेची वाट पाहावी लागत नाही.

परंतु धनुर्वातापुढे ही व्यवस्था थिटी पडते. त्याचे विष इतके जहाल, की माणूस मरण्यास पुरणारी मात्रा शरीराला धडा शिकविण्यास पुरत नाही. त्यातून वाचलेल्यालाही पुढचे संरक्षण लाभत नाही. म्हणून लस आधीच टोचून घ्यावी लागते.

१९४८ च्या कारखाने कायद्याने दर १५० कामगारांमागे निदान एक प्रथमोपचार पेटी सक्तीची केली. पेटीला कुलूप आणि किल्ली साहेबांच्या खिशात, हाही प्रकार आम्ही पाहिला. फौज उभी राहण्यास दिवस लागतात, जंतू मात्र तासातासाला वाढतात. जखम तेव्हाच साबण-पाण्याने धुतली, तर शत्रू थोडा उरतो. तंबाखू, माती लावाल तर त्यालाच कुमक पोचवाल. लाल रेघ वर चढू लागली, ताप आला, तर डॉक्टर गाठा.

पहारेकरी आपले काम चोख करतो. त्याला सवड मिळवून देणे हे आपले काम, आणि पेटी उघडी ठेवणे हे मालकाचे.