पोलिसांचा वायरलेस कोणी ऐकावा?

आजचा विषय अमेरिकेतला आहे.

तिथं पोलिसांचा वायरलेस अनेक दशकं कुणीही ऐकत असे. दुकानातून स्कॅनर आणायचा, फ्रिक्वेन्सी लावायची, झालं. न्यूयॉर्कच्या वीजी या छायाचित्रकारानं १९३८ साली असा रेडिओ आपल्या गाडीतच बसवून घेतला होता. आपल्याकडे हा प्रश्न आलाच नाही; बिनपरवाना वायरलेस यंत्र बाळगायला १९३३च्या कायद्यापासूनच बंदी.

आता तिथलं एकेक शहर संभाषण एन्क्रिप्ट करतंय, म्हणजे किल्ली असलेल्या सेटवरच ते कळणार. डेन्व्हरनं २०१९मध्ये केलं, न्यूयॉर्कनं २०२३मध्ये सुरुवात केली. पोलिस म्हणतात, चोरही ऐकतात. खरं आहे. पण मला दुसरा मुद्दा जास्त वजनदार वाटतो. गाडी अडवली की त्या माणसाचं नाव, जन्मतारीख, लायसन्स नंबर हवेत मोठ्यानं वाचला जातो. गुन्हा सिद्ध नाही, कधी तर गुन्हाच नाही, आणि गावभर माहिती!

हाच मुद्दा धरून कॅलिफोर्नियाच्या न्याय विभागानं ऑक्टोबर २०२०मध्ये सर्व पोलिसांना दोन वाटा दिल्या: सगळं एन्क्रिप्ट करा, किंवा खासगी माहिती तेवढी उघड्या चॅनेलवर बोलू नका. पालो आल्टो शहरानं जानेवारी २०२१मध्ये पहिली वाट धरली. पत्रकार आणि रहिवाशांनी पिच्छा सोडला नाही. सप्टेंबर २०२२मध्ये नव्या पोलिसप्रमुखांच्या काळात चॅनेल पुन्हा उघडं झालं. नाव-नंबर सांगायचा तर मोबाईल, गाडीतला कॉम्प्युटर, नाहीतर वेगळं बंद चॅनेल. एवढंच! यासाठी सगळा वायरलेस कुलूपबंद करायची गरज नव्हती, असं माझं मत आहे.

शिकागोनं मधला मार्ग काढला: जनतेला ऐकू येतं, पण तीस मिनिटांनी. गोळीबार सुरू असलेल्या रस्त्यानं जाऊ नये, हे अर्ध्या तासानं कळून काय करायचं?

काही ठिकाणी पत्रकारांना किल्ली देण्याची सोय आहे. ऐकायला बरी वाटते. पण पत्रकार कोण, हे ठरवणार पोलिस. आणि अडचणीची बातमी छापली, तर किल्ली काढून घेणारेही तेच.