कागदावर न उतरलेला पराक्रम



आजचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी काहीजण थोडे निराश झाले असतील, अशी आम्हांस शंका आहे. सैनिकांच्या पराक्रमावर बोलावयाचे तर लढाईच्या कथा सांगाव्यात. सेवापत्रकात राहून गेलेल्या पदकांची नोंद करून घेणे हा तर एखाद्या कचेरीतील टेबलावरचा विषय झाला. परंतु ज्यांनी मुलाच्या शाळेच्या दाखल्यावरील जन्मतारीख दुरुस्त करून घेतली असेल, किंवा सातबाऱ्यावर चुकून गळलेले बापाचे नाव पुन्हा चढवून घेतले असेल, त्यांना या विषयाची चव सांगावयास नको. चूक एका क्षणात होते. ती निघावयास एक पिढी लागते. जिवावर उदार होऊन लढलेल्या माणसाच्या बाबतीत अशी चूक झाली म्हणजे काय होते, हे आज पाहावयाचे आहे. उदाहरण आम्ही अमेरिकेचे घेतले आहे, कारण त्या देशाने या दुरुस्तीसाठी स्वतंत्र कायदा केला, त्यासाठी मंडळे नेमली, आणि तरीही ते काम त्याला पुरेसे साधलेले नाही.

तिकडे लष्करातून मुक्त होणाऱ्या प्रत्येकाच्या हाती एक कागद पडतो. १९५० सालापासून त्याला 'डीडी २१४' असे रुक्ष नाव आहे. त्यापूर्वी निरनिराळ्या दलांचे निरनिराळे नमुने असत. भरती केव्हा झाली, सुटका केव्हा झाली, हुद्दा कोणता, कोणत्या मोहिमांत भाग घेतला आणि कोणती पदके मिळाली, हे सारे त्या कागदावर टंकलिखित असते. माजी सैनिकांच्या इस्पितळात जावयाचे असो, सरकारी नोकरीत अग्रक्रम मागावयाचा असो, घरासाठी सवलतीचे कर्ज हवे असो, की राष्ट्रीय दफनभूमीत जागा हवी असो, पहिली मागणी या कागदाची होते. माणूस दारात उभा असतो, आणि पलीकडचा अधिकारी त्याच्याकडे न पाहता कागदाकडे पाहतो.

आता पदक म्हणजे केवळ छातीवरची शोभा, असे कोणी समजू नये. १९४५ च्या मे महिन्यात युरोपातील युद्ध संपले तेव्हा कोणाला आधी घरी सोडावयाचे, याचा अमेरिकन सैन्याने गुणांचा हिशेब केला. नोकरीच्या प्रत्येक महिन्याला १ गुण, परदेशातल्या प्रत्येक महिन्याला आणखी १, प्रत्येक मुलामागे १२ (ही मोजणी तीन मुलांपर्यंतच) आणि प्रत्येक मोहिमेच्या ताऱ्याला किंवा शौर्यपदकाला ५. एकूण ८५ भरले की बोट घराकडे. म्हणजे एका पदकाची नोंद राहून गेली तर तो शिपाई परदेशात आणखी काही आठवडे, कदाचित काही महिने, अडकून पडे. आईला पत्र लिहिणाऱ्या त्या पोराला पदकाची किंमत आपल्यापेक्षा चांगली ठाऊक होती.

नोंदी राहतात तरी कशा? याचे उत्तर फारसे गूढ नाही. युद्ध संपताच लक्षावधी माणसांना थोड्या महिन्यांत मुक्त करावयाचे होते. पलटणीचे हुकूम मागून येत, माणूस पुढे निघून गेलेला असे. जखमी होऊन इस्पितळात गेलेल्याची फाईल एकीकडे, त्याची पलटण दुसरीकडे. मुक्ततेच्या छावणीतला कारकून समोरच्या फाईलमध्ये जे दिसेल ते टंकित करी, आणि समोरचा शिपाई घरी जाण्याच्या घाईत न वाचता सही ठोकी. त्या कारकुनाला दोष द्यावयास आमचे मन घेत नाही.

परंतु काही पदके अशीही आहेत की ती त्या कागदावर असणेच शक्य नव्हते. पायदळाच्या शिपायाने चिखलात सर्वांत जास्त सोसले आणि त्याला मानमरातब सर्वांत कमी मिळाला, ही जाणीव युद्ध चालू असतानाच सेनापतींना झाली होती. म्हणून १९४३ साली प्रत्यक्ष लढलेल्या पायदळ सैनिकासाठी एक खास बिल्ला निघाला. त्यानंतर १९४७ साली असे ठरले की दुसऱ्या महायुद्धात ज्यांनी हा बिल्ला किंवा लढाईतील वैद्यकीय पथकाचा बिल्ला मिळवला, ते 'ब्राँझ स्टार' पदकालाही पात्र आहेत. निर्णय उदार होता, यात वाद नाही. पण तो झाला तेव्हा ती माणसे केव्हाच नांगराला किंवा कारखान्याला लागली होती, आणि पदक आपोआप घरी येणार नव्हते. त्यासाठी अर्ज करावा लागे, आणि अर्ज करण्यासाठी असा काही निर्णय झाला आहे हे कळावे लागे. पुष्कळांना ते कधीच कळले नाही. आजोबा वारले, नातवाने पेटी उघडली, तो निळा बिल्ला पाहून चौकशी केली, आणि तेव्हा कुठे उलगडा झाला की आजोबांचे एक पदक सरकारजमा पडून आहे.

आणि मग ती आग. १२ जुलै १९७३, मध्यरात्र नुकतीच उलटलेली. मिसुरी राज्यात सेंट लुइस शहराला लागून ओव्हरलँड नावाचे उपनगर आहे. तेथे राष्ट्रीय सेवापत्रक केंद्राची सहा मजली प्रचंड इमारत होती. तिच्या सहाव्या मजल्यावर आग लागली. त्या मजल्यावर पाण्याच्या फवाऱ्यांची व्यवस्था नव्हती. आग पूर्णपणे विझली असे जाहीर करावयास चार दिवस लागले. तोवर १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सैनिकांची सेवापत्रके नष्ट झाली होती. १९१२ च्या नोव्हेंबरपासून १९५९ अखेरपर्यंत भूदलातून सुटलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के लोकांचे कागद त्यात गेले. हवाई दलातील १९४७ ते १९६३ या काळातील कागदांचे तसेच झाले, पण तेथे एक विचित्र प्रकार घडला. फाईली आडनावाच्या वर्णक्रमाने लावलेल्या असल्यामुळे 'हबर्ड' या नावापर्यंतचे लोक वाचले आणि त्यापुढच्यांपैकी सुमारे पाऊण जळाले. आडनावाचे पहिले अक्षर कोणते, यावर माणसाचा लष्करी इतिहास ठरावा, हे दैव म्हणावे की काय म्हणावे! या कागदांच्या दुसऱ्या प्रती नव्हत्या, छायाफिती नव्हत्या, अनुक्रमणिकासुद्धा नव्हती. काय गेले याची यादीही त्यामुळे करता आली नाही.

अशा माणसाचे सेवापत्रक पुन्हा उभे करावयाचे म्हणजे इतर खात्यांच्या दारात जावे लागते. तो सुटला तेव्हा त्याला दिलेल्या शेवटच्या पगाराची पावती हिशेब खात्यात सापडते. पेन्शनसाठी त्याने कधी अर्ज केला असेल तर माजी सैनिक खात्यात फाईल असते. याशिवाय प्रत्येक तुकडीचा 'सकाळचा अहवाल' असे. त्यात आदल्या दिवसात कोण आजारी पडले, कोण जखमी झाले, कोण नव्याने आले, एवढेच टिपलेले असे. आगीनंतर हाच अहवाल अनेकांचा मुख्य साक्षीदार ठरला. ज्या शिपायाने हातावरची जखम जागच्या जागी बांधून घेतली आणि पुन्हा खंदक गाठला, त्याचे नाव मात्र या अहवालातही नसते. जखमेचे 'पर्पल हार्ट' पदक मिळावयास वैद्यकीय उपचाराची नोंद लागते. म्हणजे जो कण्हत मागे गेला त्याचा पुरावा पक्का, आणि जो दात आवळून पुढे राहिला त्याचा कच्चा. हा न्याय आम्हांस उलटा वाटतो.

आता कायद्याकडे वळू. पूर्वी सैनिकाच्या कागदातील चूक काढावयाची तर त्याच्या एकट्यासाठी काँग्रेसमध्ये खासगी विधेयक आणावे लागे. १९४६ साली काँग्रेसने हा व्याप आपल्या अंगावरून काढला आणि लष्करी कागद दुरुस्त करण्याचा अधिकार नागरी सदस्यांच्या मंडळांकडे दिला. सैनिकाचे मंडळ सैनिकांचे नसावे, ही त्यातली दृष्टी आम्हांस फार शहाणपणाची वाटते. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांत अर्ज करावयाचा. परंतु न्यायासाठी आवश्यक वाटल्यास मंडळ ही मुदत माफ करू शकते. सैनिक हयात नसेल तर वारसाला अर्ज करता येतो. पुरावा उघड असेल तर मंडळापर्यंत न जाताही मूळ कागदाला जोडावयाचे दुरुस्तीपत्रक मिळते. जेथे पदकाची शिफारसच कधी झाली नव्हती, तेथे मात्र गोष्ट निराळी. मुदत टळून गेलेली शिफारस पुन्हा विचारात घ्यावयाची तर काँग्रेसच्या एखाद्या सभासदामार्फत यावे लागते. तशी तरतूद १९९० नंतरच्या दशकात झाली.

मंडळ एका गृहीतावर चालते. सरकारी नोंद बरोबर आहे असे धरून चालावयाचे आणि ती चुकीची आहे हे सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर टाकावयाचा. सामान्यतः हे योग्यच आहे. न मिळालेली पदके लावून मिरवणारे महाभाग प्रत्येक देशात असतात. अमेरिकेत त्यांच्याविरुद्ध २००६ साली कायदा झाला. तो भाषणस्वातंत्र्याच्या आड येतो म्हणून २०१२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, आणि पुढच्याच वर्षी काँग्रेसला तो वेगळ्या शब्दांत पुन्हा करावा लागला. तेव्हा छाननी हवीच. परंतु सरकारच्या ताब्यातला कागद सरकारच्या इमारतीत जळाला असताना, म्हाताऱ्या माणसाने पुरावा आणावा असे म्हणणे कितपत शोभते? त्याच्या बाजूने बोलू शकणारे सोबती एकेक करून निघून गेलेले असतात. अशा वेळी संशयाचा फायदा सैनिकाला मिळावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जेथे आग लागली नव्हती, कागद होते, आणि तरी ते पाहिले गेले नाहीत, अशी प्रकरणे अधिक बोचतात. हेन्री जॉन्सन हा न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनी स्थानकावरचा काळा हमाल. पहिल्या महायुद्धात त्याची पलटण फ्रेंच सैन्याच्या हाताखाली दिलेली होती. १९१८ च्या मे महिन्यात, मध्यरात्री पहाऱ्यावर असताना जर्मन तुकडीने हल्ला केला. जॉन्सनने बंदुकीच्या दस्त्याने आणि शेवटी सुऱ्याने झुंज देऊन जखमी सोबत्याला कैद होऊ दिले नाही. फ्रान्सने त्याला आपला युद्धक्रॉस दिला. स्वतःच्या देशाने त्याच्या हयातीत काहीच दिले नाही. १९२९ साली तो वारला. 'पर्पल हार्ट' १९९६ साली मिळाले, आणि सर्वोच्च 'मेडल ऑफ ऑनर' २०१५ साली. हे शेवटचे पदक मिळाले ते एका सिनेटरच्या कचेरीने सेनापती पर्शिंग यांचे त्या वेळचे निवेदन जुन्या दप्तरातून शोधून काढले म्हणून. पदक घ्यावयास नातेवाईक कोणी नव्हते; न्यूयॉर्क नॅशनल गार्डमधील एका सार्जंटाने ते स्वीकारले.

दुसऱ्या महायुद्धात तर लाखो काळे सैनिक असून त्यांपैकी एकालाही त्या वेळी हे सर्वोच्च पदक मिळाले नव्हते. व्हर्नन बेकर हा अधिकारी ५ व ६ एप्रिल १९४५ रोजी इटलीत एका किल्ल्याच्या टेकडीवर लढला. त्यानंतर तीनच दिवसांनी, त्याच इटलीत सेनिओ नदीच्या काठी, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील निमजचे नामदेव जाधव यांनी सुरुंग पेरलेल्या जागेतून आणि खोल पाण्यातून जखमी सोबत्यांना पलीकडे नेले आणि मग एकट्याने शत्रूच्या मशीनगनचे मोर्चे उडवले. नामदेवरावांना व्हिक्टोरिया क्रॉस १९४५ सालीच जाहीर झाला. परकीय सरकारच्या फौजेतील मराठा शिपायाची शिफारस वेळेवर लंडनला पोहोचली, आणि स्वतःच्या देशाच्या फौजेतील बेकरला १९९७ पर्यंत थांबावे लागले. इंग्रजांचे गुणगान करण्याचा आमचा हेतू नाही. पण ही तुलना सुटत नाही. लष्कराने एका विद्यापीठाकडून १९९३ साली चौकशी सुरू करवली, आणि तीतून सात जणांना १९९७ च्या जानेवारीत पदके मिळाली. सातांपैकी हयात एकटा बेकर होता.

त्या सातांत एक एडवर्ड कार्टर होता, आणि त्याच्यासाठी आम्ही ही सारी वाट चाललो. त्याचे वडील काळे अमेरिकन मिशनरी, आई हिंदी. जन्म लॉस एंजेलिसचा, पण बालपण कलकत्त्यात आणि शांघायमध्ये गेले. स्पेनच्या यादवी युद्धात तो फ्रँकोविरुद्ध लढला. अमेरिकन सैन्यात तो स्टाफ सार्जंट झाला. परंतु काळ्या स्वयंसेवकांना लढाईवर जावयाचे तर हुद्दा सोडावा लागे, म्हणून त्याने पट्ट्या उतरवल्या आणि साधा शिपाई झाला. २३ मार्च १९४५ रोजी जर्मनीत स्पेयरजवळ पाच ठिकाणी जखमी होऊन त्याने सहा शत्रू मारले, दोघांना पकडले आणि त्यांनाच ढाल करून परत आला. त्याला दुसऱ्या क्रमांकाचे शौर्यपदक मिळाले.

१९४९ साली त्याने पुन्हा भरतीचा अर्ज केला, आणि लष्कराने तो नाकारला. कारण सांगितले नाही. त्याच्या नावे एक गुप्त फाईल होती. स्पेनमध्ये लढला, तेव्हा कम्युनिस्ट असावा, असा त्यात संशय होता. सिद्ध काहीच झालेले नव्हते. तो विचारत राहिला, दारे बंद राहिली, आणि १९६३ साली तो कर्करोगाने वारला. मेडल ऑफ ऑनर जाहीर झाल्यावर त्याच्या सुनेने माहितीच्या कायद्याखाली ते कागद मागवले, पानेच्या पाने वाचली आणि सरकारशी लढा दिला. १९९९ च्या नोव्हेंबरात लष्कराने कुटुंबाची जाहीर क्षमा मागितली, दुरुस्त केलेले सेवापत्रक हाती दिले, आणि त्यासोबत राहून गेलेली तीन पदके दिली. अमेरिकन मोहिमेचे एक, जर्मनीच्या ताबा-सैन्याचे एक, आणि तिसरे, चांगल्या वर्तणुकीचे. हे शेवटचे पदक लष्करातील अगदी साध्या पदकांपैकी आहे. हजारो शिपायांना ते सहज मिळते. परंतु कार्टरला जे नाकारले गेले होते ते नेमके हेच होते, आणि त्याच्या घरच्यांना सर्वोच्च पदकानंतरही त्याची वाट पाहावी लागली.

सेंट लुइसच्या त्या आगीतून लक्षावधी फाईली भिजलेल्या, कडा करपलेल्या अशा बाहेर काढल्या गेल्या. त्या वेळी अवकाशयानांच्या चाचणीसाठी बांधलेल्या निर्वात कोठड्यांत त्या वाळवल्या होत्या. आता त्या थंड गोदामात आहेत. कोणा सैनिकाचा किंवा नातवाचा अर्ज आला की त्याची फाईल बाहेर येते. बुरशी झाडून पान सपाट करतात, आणि जेथे कागद काळा पडून अक्षर बुडाले आहे तेथे अवरक्त किरणांच्या कॅमेऱ्याने ते वाचतात. हे काम रोज चालू आहे.