पगाराचा आकडा आणि हाती उरणारा पैसा

(मंडळाच्या विद्यार्थी-पालक मेळाव्यात मार्गदर्शन समितीतर्फे झालेले भाषण)



परदेशी नोकरीबद्दल समितीकडे विचारणा करणाऱ्यांच्या तोंडी पूर्वी अमेरिका असायची, आता जर्मनी असते. म्हणून आज जगाची प्रदक्षिणा न घालता एकाच देशाबद्दल बोलायचं आम्ही ठरवलं आहे. आकडे २०२५ सालचे आहेत. ते दरवर्षी बदलतात, हिशेबाची रीत मात्र बदलत नाही.

नोकरीसाठी मुलूख सोडणं आपल्याला नवीन नाही. आपले पणजोबा-खापरपणजोबा गायकवाडीत चाकरीला आले, म्हणून आपण बडोदेकर झालो. हातातल्या कसबाला मोल असतं हेही या गावाला कुणी शिकवायला नको. १८९० साली सयाजीराव महाराजांच्या काळात इथे कलाभवन सुरू झालं, ते हाताला काम शिकवण्यासाठीच. दादासाहेब फाळके त्याच कलाभवनात शिकले. तरीही आज घरात मुलगा इलेक्ट्रिशियन होतो म्हणाला, की आपल्या कपाळाला आठ्या पडतात.

जर्मनीत तशा पडत नाहीत. तिथली पिढी म्हातारी होते आहे, कामाला माणसं कमी आहेत. २०२४ मध्ये त्या सरकारने भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिसांची वार्षिक मर्यादा २०,००० वरून ९०,००० वर नेण्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला. मागणी कुणाला? संगणकवाल्यांना आहेच, पण परिचारिका, वृद्धांची सेवा करणारे, इलेक्ट्रिशियन, घरं गरम ठेवणारी यंत्रणा बसवणारे, बसचालक यांनाही आहे.

आता पगार. पदवीधरांसाठी ‘ब्लू कार्ड’ नावाचा परवाना असतो. त्यासाठी २०२५ मध्ये वर्षाला किमान ४८,३०० युरो पगार लागत होता. टंचाईच्या व्यवसायांत आणि नव्या पदवीधरांना सुमारे ४३,७६० चालत होते. एका युरोचे शंभर रुपये धरले तर अठ्ठेचाळीस लाख! हा आकडा ऐकला की आपण लगेच पेढे वाटतो. पेढे जरूर वाटा, पण त्याआधी कागद-पेन्सिल घ्या.

४८,३०० म्हणजे महिन्याला ४,०२५. त्यातून निवृत्तिवेतन, आरोग्य, बेरोजगारी आणि म्हातारपणीची शुश्रूषा अशा चार विम्यांचे हप्ते कापले जातात, वर आयकर. एकट्या, मूलबाळ नसलेल्या माणसाच्या हाती साधारण २,६०० युरो पडतात. म्युनिकमध्ये लहानशा घरालाही हजाराच्या वर भाडं सहज जातं; केमनिट्झसारख्या शहरात त्याच्या निम्म्याहूनही कमी. देशभर लोकल गाड्या आणि बसला चालणारा मासिक पास २०२५ मध्ये ५८ युरोंचा होता. घरात टीव्ही असो वा नसो, प्रसारणाची वर्गणी दरमहा १८.३६ युरो.

म्हणून आम्ही प्रत्येकाला तीन आकडे लिहायला सांगतो: कागदावरचा पगार, हाती येणारा पगार आणि महिनाअखेर उरणारा पैसा. कमी पगाराची लहान गावातली नोकरी तिसऱ्या आकड्यात म्युनिकला मागे टाकू शकते.

कापलेला पैसा बुडाला असंही समजू नका. आजारपणात त्याच विम्यातून इलाज होतो, मुलांच्या सरकारी शाळेला फी नसते. निवृत्तिवेतनाच्या हप्त्यांसाठी भारत आणि जर्मनी यांच्यात सामाजिक सुरक्षा करार आहे. तो १ मे २०१७ पासून लागू आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. त्या बाजारात सर्वाधिक कमी पडणारं कौशल्य कोणतं? आमचं उत्तर आहे जर्मन भाषा. परिचारिकेचंच पाहा. आपली नर्सिंगची पदवी तिथे आपोआप चालत नाही. तिची मान्यता घ्यावी लागते, त्यासाठी पूरक प्रशिक्षण किंवा परीक्षा असते आणि भाषा साधारणपणे बी-टू पातळीची लागते. वृद्धसेवेच्या संस्थांत जुलै २०२५ पासून मान्यताप्राप्त परिचारिकेला तासाला किमान २०.५० युरो आहेत, तर प्रशिक्षण नसलेल्या मदतनिसाला १६.१०. मान्यता मिळेपर्यंत आपली मुलगी मदतनीस म्हणूनच राबते. तासाचा फरक ४.४० युरोंचा, आठवड्याला चाळीस तास धरले तर महिन्याला साडेसातशेहून अधिक. पदवी तीच, हात तेच. अडतं ते भाषेपाशी आणि कागदापाशी.

भाषा तीन महिन्यांत येत नाही. नोकरी सांभाळून बी-टू गाठायला दीड-दोन वर्षं धरा. त्यामुळे जायचं असेल तर तयारी आज सुरू करा, आणि जायचं की नाही ते ठरत नसेल तरीही भाषा सुरू करा. ती वाया जात नाही.

बारावी झालेल्यांनी ‘आउसबिल्डुंग’ हा शब्द लक्षात ठेवावा. बहुतेक व्यवसायांत साधारण तीन वर्षं तिथल्याच कारखान्यात किंवा रुग्णालयात शिकायचं, आणि शिकताना विद्यावेतन मिळतं. २०२५ मध्ये कायद्याने ते पहिल्या वर्षी किमान ६८२ युरो होतं. रुग्णसेवेत बऱ्याच ठिकाणी हजाराच्या वर. संगणक क्षेत्रात तर पदवी नसली तरी गेल्या सात वर्षांत तीन वर्षांचा योग्य अनुभव असेल तर ब्लू कार्डाचा मार्ग खुला आहे.

आता पालकांसाठी चार कडू शब्द. “जर्मनीची नोकरी पक्की, फक्त चार लाख भरा” असं सांगणारे आपल्या गल्लीपर्यंत पोचले आहेत. आपल्याकडे १९८३चा परदेशगमन कायदा आहे. नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये घेता येतात. नोंदणी आहे की नाही ते सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर दिसतं. पावती देत नसेल, करार वाचायला घरी नेऊ देत नसेल, तर त्याच्या दुकानाची पायरी उतरा. करारात ‘नोकरी सोडल्यास अमुक युरो भरपाई’ असं कलम आहे का, तेवढं तरी वाचाच. घर गहाण टाकून कुणी जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

शेवटी एक गोष्ट, जिचा हिशेब युरोत होत नाही. आपल्या मुली तिथल्या आजी-आजोबांना भरवायला, उठवायला, बसवायला जाणार आहेत. इथे आपल्या वाड्यांतून आणि फ्लॅटांतून किती आजी-आजोबा एकटे राहतात, हे वर्गणी मागायला दारोदार जाणाऱ्या कार्यकर्त्यांना विचारा. मुलांना अडवा असं आम्ही म्हणत नाही. आपलेही पूर्वज कुणाला तरी मागे ठेवूनच इथे आले होते. पण जाण्याची तारीख ठरवताना, मागे राहणाऱ्यांकडे कोण बघणार, हे त्याच कागदावर लिहा. तिथे शेजाऱ्याचं नाव लिहावं लागलं तर लाजू नका, फक्त त्याला आधी विचारा. आणि मंडळाचं नाव लिहायचं असेल तर समितीला सांगा; त्या यादीची सुरुवात आजच करायची आमची तयारी आहे.

श्रीगजानन सर्वांना विद्या देवो आणि हिशेबाची बुद्धीही देवो. गणपती बाप्पा मोरया!