स्थूलता, खाण्याचे व्यसन आणि शस्त्रक्रियेचा निर्णय

महाराष्ट्राने १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्यांच्या हाती सुकडी पडे आणि तिच्या आधारावर कित्येक कुटुंबे दिवस काढीत. अन्नाचा प्रश्न म्हणजे काय असे त्या पिढीला कोणी विचारले असते, तर तिने अन्नाचा तुटवडा एवढाच अर्थ सांगितला असता. त्याच पिढीच्या नातवंडांपुढे आज अन्नाचा प्रश्न उलट्या बाजूनेही उभा आहे. २०१९-२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ या वयोगटातील सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष यांचे वजन प्रमाणाबाहेर आहे. कुपोषण संपलेले नाही. परंतु एकाच गावात, कधी कधी एकाच घरात, कुपोषण आणि स्थूलता शेजारी शेजारी नांदू लागली आहेत.

वजन घटविण्यासाठी जठरावर शस्त्रक्रिया करण्याची सोय आता केवळ मुंबई-पुण्यापुरती राहिलेली नाही. त्यामुळे तालुक्याच्या गावचा शिक्षक, तहसील कचेरीतील कारकून किंवा पंचायत समितीची सदस्या यांच्या घरातही ‘शस्त्रक्रिया करावी की करू नये’ ही चर्चा ऐकू येते. या चर्चेत एक अंग बहुधा दुर्लक्षित राहते. खाण्यावरचा ताबा सुटल्यामुळे ज्याचे वजन वाढले आहे, त्याने हा निर्णय कसा घ्यावा, या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

भूक निराळी, व्यसन निराळे

प्रत्येक स्थूल मनुष्य खादाड असतो, हा समज प्रथम दूर केला पाहिजे. आनुवंशिकता, काही औषधे, अंतःस्रावी ग्रंथींचे विकार, बैठे काम, रात्रपाळी व अपुरी झोप या साऱ्यांचा वजनाशी संबंध आहे. तथापि काही माणसांच्या बाबतीत दुखणे याहून वेगळे असते. भूक नसताना ती खातात, भराभर खातात, पोट दुखू लागले तरी थांबू शकत नाहीत. घरातील मंडळी निजल्यावर स्वयंपाकघरातील डबे उघडले जातात. मागाहून स्वतःची लाज वाटते आणि ती लाज बुडविण्यासाठी पुन्हा खाल्ले जाते. संकष्टीचा उपवास कडकडीत करावा आणि चंद्रोदयानंतर दोन दिवसांचे खाणे एका बैठकीत संपवावे, असाही प्रकार आढळतो.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ अॅल्बर्ट स्टंकार्ड यांनी या प्रकारच्या खाण्याचे वर्णन १९५९ मध्ये केले. २०१३ मध्ये अमेरिकेतील मनोविकारांच्या अधिकृत वर्गीकरणात त्याला स्वतंत्र विकाराचे स्थान मिळाले. ताबा सुटून भरमसाट खाण्याचा प्रसंग आठवड्यातून निदान एकदा, याप्रमाणे तीन महिने घडत असेल, तर तो विकार समजावा, असे तेथे म्हटले आहे. ‘खाण्याचे व्यसन’ हा मात्र अद्याप स्वतंत्र रोग म्हणून मान्य झालेला नाही. येल विद्यापीठातील संशोधकांनी २००९ मध्ये ते मोजण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. मद्य आणि इतर मादक द्रव्यांच्या व्यसनाचे निकष त्यांनी अन्नाला लावून पाहिले. नावाविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत, रुग्णाच्या दुःखाविषयी नाहीत.

आपला समाज याला ‘जिभेचे चोचले’ म्हणून मोकळा होतो. परंतु चोचले पुरविणारा मनुष्य चवीने खातो. या विकारात चव केव्हाच मागे पडलेली असते. शिवाय दारू सोडणाऱ्याला दारूचे दुकान टाळता येते. अन्नाचे ताट मात्र दिवसातून दोनदा पुढे येतेच, आणि त्याला पाठ दाखवून जगता येत नाही.

शस्त्रक्रिया काय साधते

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन व चिकाशी इटो या शल्यचिकित्सकांनी १९६६ मध्ये जठराला वळसा देणारी शस्त्रक्रिया केली. आजच्या बायपास शस्त्रक्रियेचे मूळ तेथे आहे. हिच्यात जठराच्या वरच्या भागाची लहानशी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. ‘स्लीव्ह’ नावाच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कायमचा काढून टाकतात आणि केळीच्या आकाराची नळी शिल्लक ठेवतात. काढलेला भाग पुन्हा बसविता येत नाही, हे निर्णय घेणाऱ्याने मनात पक्के धरावे.

या शस्त्रक्रियांचा परिणाम केवळ जागा कमी झाल्यामुळे होतो असे नाही. भूक चेतविणारे ‘घ्रेलिन’ हे संप्रेरक १९९९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी शोधून काढले. ते मुख्यतः जठरात तयार होते व स्लीव्हनंतर त्याचे प्रमाण घटते. तृप्तीची जाणीव देणारी आतड्यांतील संप्रेरकेही वाढतात.

परिणामांची मोजदादही दीर्घकाळ झाली आहे. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या पाहणीत शस्त्रक्रिया केलेल्या २,०१० व न केलेल्या २,०३७ स्थूल व्यक्तींची तुलना करण्यात आली. बायपास झालेल्यांचे वजन दहा वर्षांनंतरही मूळ वजनापेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी कमी होते. शस्त्रक्रिया न झालेल्यांच्या वजनात फारसा फरक नव्हता. वय, लिंग आदी घटक लक्षात घेता शस्त्रक्रिया केलेल्यांतील मृत्यूचे प्रमाणही सुमारे २९ टक्क्यांनी कमी आढळले. धोक्याची बाजूही मोजलेली आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील पाहणीत ४,७७६ रुग्णांपैकी ०.३ टक्के रुग्ण पहिल्या तीस दिवसांत दगावले आणि ४.३ टक्के रुग्णांना गंभीर स्वरूपाची गुंतागुंत सोसावी लागली. तेव्हा ही शस्त्रक्रिया थोतांड नव्हे व चैनही नव्हे. योग्य रुग्णाच्या बाबतीत ती आयुष्य वाढविते.

शस्त्रक्रिया काय साधीत नाही

शल्यचिकित्सक जठर लहान करू शकतो. एकटेपणा, अपमान, चिंता किंवा कंटाळा लहान करू शकत नाही. ज्याला दुःखाच्या वेळी अन्नाचाच आसरा ठाऊक आहे, त्याचा तो आसरा शस्त्रक्रियेने एका दिवसात काढून घेतला जातो. दुसरा आसरा आधी उभा केलेला नसेल, तर मन आपली वाट शोधते. भाकरी-भाजी थोडी जाते. परंतु आइस्क्रीम, गोड पेये, वितळणारे चॉकलेट आणि दिवसभर चिमूटचिमूट तोंडात टाकलेला चिवडा लहान जठरातूनही सहज खाली उतरतो. पहिल्या वर्षी झपाट्याने उतरलेले वजन पुढे हळूहळू परतू लागते, त्याचे हे एक कारण आहे.

दुसरी वाट याहून घातक आहे. बायपासनंतर मद्य रक्तात लवकर भिनते आणि थोड्या मद्यानेही नशा चढते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात मद्यविकाराचे प्रमाण शस्त्रक्रियेपूर्वीच्या वर्षी ७.६ टक्के होते. पहिल्या वर्षी ते ७.३ टक्के, तर दुसऱ्या वर्षी ९.६ टक्के झाले. यूटा राज्यातील २००७ च्या अभ्यासात बायपास झालेल्या ७,९२५ जणांची शस्त्रक्रिया न झालेल्या तितक्याच व्यक्तींशी तुलना झाली. एकंदर मृत्यूचे प्रमाण ४० टक्क्यांनी कमी होते. परंतु अपघात, आत्महत्या यांसारख्या, रोगाव्यतिरिक्त कारणांनी आलेले मृत्यू ५८ टक्क्यांनी अधिक होते. मधुमेहाने व हृदयविकाराने गमावले असते असे जीव वाचले, पण मनाची बाजू उघडीच राहिली.

फुटबॉलपटू दिएगो माराडोना यांचे उदाहरण पुष्कळांना आठवेल. १९८६ ची विश्वचषक स्पर्धा अर्जेंटिनाला जिंकून देणारा हा खेळाडू पुढे कोकेनच्या व्यसनात व नंतर अतिस्थूलतेत सापडला. मार्च २००५ मध्ये कोलंबियातील कार्ताहेना शहरी त्याच्यावर बायपास शस्त्रक्रिया झाली आणि काही महिन्यांतच त्याचे रूप पालटले. मार्च २००७ मध्ये तोच खेळाडू अतिमद्यपानाच्या दुष्परिणामांमुळे ब्वेनोस आयरिसच्या रुग्णालयात दाखल झाला होता. एका माणसाच्या आयुष्यावरून नियम काढता येत नाही आणि त्याची व्यसने शस्त्रक्रियेने निर्माण केली असेही म्हणता येत नाही. शस्त्रक्रियेने देह बदलला; व्यसनाधीनतेचे काम तिच्याकडून होणारे नव्हते, इतकेच यावरून दिसते.

निर्णयाच्या पायऱ्या

पहिली पायरी वैद्यकीय निकषांची. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता शरीर-वस्तुमान निर्देशांक मिळतो. १९९१ च्या अमेरिकन निकषांनुसार हा निर्देशांक ४० किंवा, गंभीर सहव्याधी असल्यास, ३५ असणे आवश्यक होते. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय शल्यचिकित्सक संघटनांनी ३५ व, मधुमेहादी विकार असल्यास, ३० अशी सुधारणा केली. आशियाई लोकांना कमी वजनातच मधुमेह गाठतो, म्हणून त्यांच्यासाठी ही मर्यादा २७.५ पर्यंत खाली आणली. १.६० मीटर उंचीच्या व्यक्तीचा निर्देशांक ३५ होण्यास सुमारे ९० किलो वजन लागते. विम्याचे गणित मात्र निराळे आहे. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत जुन्याच ४० व ३५ या मर्यादा आहेत आणि इतर उपाय आधी निष्फळ ठरलेले असावे लागतात. यास्तव विमापत्र व कार्यालयाचे वैद्यकीय प्रतिपूर्तीचे नियम आधी वाचलेले बरे.

दुसरी पायरी प्रामाणिकपणाची. शस्त्रक्रियेपूर्वी मानसोपचारतज्ज्ञाकडून तपासणी होते. ‘खरे सांगितले तर नकार मिळेल’ या भीतीने रुग्ण तेथे रात्रीचे खाणे लपवितो. ही लपवाछपवी त्याच्याच अंगाशी येते. ताबा सुटून खाण्याचा पूर्वेतिहास म्हणजे कायमची अपात्रता नव्हे. शस्त्रक्रियेनंतरही तो प्रकार चालू राहिला, तर मात्र परिणाम उणे पडतो. म्हणून तो आधी उघड करून त्यावर उपचार घेणे हिताचे. चार-सहा आठवडे एक वही ठेवावी आणि केव्हा, काय, किती खाल्ले व त्या वेळी मनात काय होते, हे रोज लिहावे. तज्ज्ञाला या वहीतून पुष्कळ कळते आणि रुग्णाला स्वतःला त्याहून अधिक. विचार व वर्तन यांना वळण देणारी मानसोपचार पद्धती या विकारावर गुणकारी ठरली आहे. शस्त्रक्रिया सहसा तातडीची नसते. काही महिने तयारीत गेले तर ते वाया गेले असे समजू नये.

तिसरी पायरी पर्यायांची. सेमाग्लुटाइड व टिर्झेपाटाइड ही भूक मंदावणारी इंजेक्शने २०२५ पासून वजन घटविण्यासाठी भारतातही मिळू लागली आहेत. तज्ज्ञाच्या देखरेखीखाली काहींना ती उपयोगी पडतात. परंतु सेमाग्लुटाइड थांबविल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश वजन परत येते, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.

चौथी पायरी पुढील आयुष्याची. जीवनसत्त्व बी-१२, लोह, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आणि रक्ततपासणी आयुष्यभर चालू ठेवावी लागते. शाकाहारी व्यक्तीने बी-१२ विषयी विशेष दक्ष राहावे. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिने लहानशा जठरातून पोटात जावी लागतात. स्त्रियांनी शस्त्रक्रियेनंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी. ‘पाच वर्षांनी तपासणीला यायचे ते कोणाकडे?’ या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर जेथे मिळत नाही, तेथे घाई करू नये.

या चारही पायऱ्यांवर रुग्णाने स्वतःला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारावा : ‘ज्या संध्याकाळी मन उदास होईल आणि खाता येणार नाही, त्या संध्याकाळी मी काय करीन?’ फिरावयास जाणे, मित्राला बोलावणे, भजनाला बसणे, समुपदेशकाला दूरध्वनी करणे यांपैकी काही सरावाचे झाले असेल, तर शस्त्रक्रियेला भक्कम पाया मिळाला. उत्तर सापडत नसेल, तर निर्णय पुढे ढकलण्यास तेवढे कारण पुरे आहे.

भोवतालच्या लोकांचे कर्तव्य

हा निर्णय रुग्णाचा असला, तरी त्याला पोषक वातावरण इतरांनी निर्माण करावयाचे असते. शाळेत ‘जाड्या’ म्हणून हाक मारली जाते तेव्हा शिक्षकाने ती थांबवावी, कारण लपून खाण्याची सवय पुष्कळदा अशा अपमानातून सुरू होते. पंगतीतील आग्रह हे आपल्याकडे प्रेमाचे लक्षण मानले जाते. शस्त्रक्रिया झालेल्याला मात्र एका जादा घासानेही उलटी होऊ शकते, हे यजमानाने ओळखावे. कार्यालयप्रमुखाने वैद्यकीय रजेचा अर्ज थट्टेवारी नेऊ नये. पंचायत सदस्यांनी व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमांत या व्यसनाचाही उल्लेख करावा. ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेल्या शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिण्यास खर्च येत नाही; त्यावर मराठीतून विनामूल्य सल्ला मिळतो.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, अशी म्हण आहे. योग्य उपचार, वेळ आणि माणसांची साथ मिळाली, तर ती म्हण खोटी पाडता येते. शस्त्रक्रिया या कामी मोठे साहाय्य करू शकते. पण मनाची तयारी आधी आणि शस्त्रक्रिया नंतर, हा क्रम ज्याने पाळला, त्यालाच तिचे फळ दीर्घकाळ भोगता येते.